आवाज खाली जातो

नाशिक रोड, ५ जानेवारी

सुलाआक्का,

सोसायटीने माझ्या नावाने नोटीस काढली म्हणून हे पत्र लिहिते आहे. नाहीतर लिहिणार नव्हते. निघायच्या दिवशी भरलेल्या गाडीतून तू स्वतःची वळकटी उतरवून घेतलीस आणि वर जाऊन दार लावलंस, त्यावर मला काही बोलायचं नाही.

नोटीस अशी आहे: ‘फ्लॅट ३०३ मधून दुपारच्या विश्रांतीच्या वेळेत जमिनीवर ठोकल्याचा आवाज येतो. खालच्या रहिवाशांना त्रास होतो. लेखी खुलासा करावा.’ खुलासा! जन्मभर शाळेत मी मुलांकडून खुलासे मागितले. आता मी देऊ?

मी ठोकाठोक करत नाही. आपली भाची, संजना, सकाळी ऑफिसला जाते ती दिवेलागणीला येते. जावई सुरतेला. आरोही शाळेतून आली की जेवते आणि झोपते. राहिले मी. मी पेपर वाचते, तीन वाजता चहा करते, तो पिते. यात ठोकण्यासारखं काय आहे?

तेव्हा काम असं: आपल्या माडीखाली बहिरूशेठचं किराणा दुकान. आपण दोघी इतकी वर्षं त्याच्या डोक्यावर राहिलो. त्याची कधी तक्रार नव्हती असं त्याच्याकडून दोन ओळींत लिहून घे, खाली सही आणि दुकानाचा शिक्का. शेजारचा भिकन दर पंधरवड्याला पंचवटीच्या बाजारात भाजी घेऊन येतो, त्याच्या हाती पाठव.

फोन करत नाही. तुला त्यावर ऐकू येत नाही, आणि व्हिडिओ लावला की तू फोन पालथा घालतेस असं भिकन सांगतो. कानाचं मशीन तू डब्यात ठेवलंस ते ठेवलंसच. राहता राहिलं पत्र. मी शाळेतून घरी येऊन तुला अक्षरं शिकवली ती कामाला येऊ देत.

तुझा तो कान तुटलेला कप अजून आहे का? मी नवा आणला तेव्हा म्हणाली होतीस, “माले कान नही, त्याले बी नही. राहू दे जोडी.” सहज विचारलं.

वत्सला

नाशिक रोड, १९ जानेवारी

सुलाआक्का,

उत्तर आलं नाही. भिकनही आला नाही. मी वाट पाहत बसले नाही. नियम आणून वाचले.

शहरात नवीन माणसाला कुणी काही समजावून सांगत नाही. चूक झाली की कागद हातात देतात. इथे जिन्यात पाटी आहे, ‘दुपारी २ ते ४ शांतता’. मला वाटलं, बोलायचंच नाही. महिनाभर मी दुपारी आरोहीला काही सांगायचं तर कुजबुजत होते. एकदा तिने विचारलं, “आजी, तुझा घसा बसला का गं?” तू म्हणाली होतीस ना, “मन्हासंगे बोलीसन तुन्हा घसा दुखस. जाय, दे त्याले आराम.” मिळाला बघ आराम.

आता मला सगळं माहीत झालं आहे. कायद्याने सकाळी सहा ते रात्री दहा हा दिवस. राहत्या वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबल, रात्री पंचेचाळीस. डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं माप. दुपारी दोन ते चार हे कायद्यात कुठेही नाही. तो सोसायटीने आपसात ठरवलेला नियम. पण आपसात ठरवलेलाही पाळायचाच असतो, आणि मी तो पाळते, हेच तर माझं म्हणणं.

हे सगळं मी सेक्रेटरींना सांगितलं. खंडेराव त्यांचं नाव. साखर घालून बोलणारा माणूस. म्हणाले, “मॅडम, तुम्ही गावाकडून आलात. होईल हळूहळू सवय.”

“कशाची? न केलेल्या गुन्ह्याची?”

“तसं नाही हो. लंकाबाईंचा मुलगा रात्रपाळी करतो. दुपारी झोपतो. दचकून उठतो बिचारा.”

“माझ्या वरच्या मजल्यावर चौकशी केलीत?”

“वरचा फ्लॅट बंद आहे, मॅडम.”

मी म्हटलं, बंद फ्लॅटमध्येही उंदीर असतात, आणि उठून आले. घरी आल्यावर कळलं की उंदीर काही ठोकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी लंकाबाई स्वतः वर आल्या. माझ्याच वयाच्या असतील, सिन्नरकडच्या, कमरेवर हात. “काय वो बाई, उखळ बसवलंय का घरात?”

“माझ्या घरात उखळ नाही.”

“मंग काय वाजतं? ठक्-ठक्. दोनदाच. पन असं, की पोरगं उठून बसतं गादीवर.”

“आत या आणि शोधा.”

मला वाटलं, लाजेल. आल्या की आत! ओट्याखाली पाहिलं, पलंगाखाली पाहिलं, गॅलरीत जाऊन आल्या. मिक्सरवर हात ठेवून म्हणाल्या, “हे असून कुटता?” मी म्हटलं, बाई, मी कुटत नाही, तुम्ही मला कुटता आहात. त्यावर हसल्या. पण तक्रार मागे घेतली नाही.

तेव्हापासून मी रोज दुपारी लक्ष ठेवते. तीनच्या सुमाराला आवाज होतो म्हणतात, म्हणून तेव्हा कान टवकारून असते. कुणाचा कुकर, कुणाचं स्टूल सरकलं, खाली भंगारवाला. ठक्-ठक् मला आजवर ऐकू आलेलं नाही. उलट इतकं काही ऐकायची सवयच मला नाही. आपल्या घरी तुझ्याकडे बघून बोलायचं, तुझ्या ओठांकडे तुझं लक्ष आहे ना ते बघायचं, यातच दिवस जायचा. कान मोकळे कधी राहिलेच नव्हते. आता मोकळे आहेत, आणि त्यात काय वाट्टेल ते येऊन पडतं.

बहिरूशेठचा कागद लवकर पाठव.

वत्सला

नाशिक रोड, २ फेब्रुवारी

आक्का,

भिकन काल येऊन गेला. मेथीच्या जुड्या आणि वांगी दिली. तू दिलीस की त्याने आपणहून आणली, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कागद नव्हता.

“बहिरूशेठ लिहून देत नाय म्हने,” भिकन म्हणाला.

“का? त्याची तक्रार होती?”

“नाय वो मॅडम. हसत व्हता. म्हने, त्यात लिहायचं काय? बाईंचा पाय वाजायचा वरून, ठक्-ठक्, का मी बी चहा सांगायचो. आता बाई गेल्या, तर चहाची येळच कळत नाय. तीनाचे चार व्हतात.”

मी त्याला पाणी दिलं. तुझी चौकशी केली. “आक्कामाय बरी शे,” एवढंच म्हणाला. तो गेल्यावर मेथी निवडायला बसले. पानं ताटात टाकायची, काड्या कागदावर. थोड्या वेळाने पाहिलं तर सगळं एकत्रच टाकत होते.

आज मुद्दाम, अगदी ठरवून, मी तीन वाजता चहा ठेवला. चहा गाळला. गाळणी सिंकमध्ये ठेवली. आणि माझी उजवी टाच दोनदा जमिनीवर आपटली.

मी आपटली असं मी म्हणू शकत नाही. आपटली गेली. आणि पुढचं सांगते: मी मान वळवून मागे पाहिलं. तिथे फ्रिज आहे.

तुला हे सांगायला नको, पण लिहिलं की माझं मला नीट दिसतं, म्हणून लिहिते. आईने ही रीत पाडली. तापात तुझे कान गेले तेव्हापासून. तुला हाक मारून उपयोग नाही, म्हणून स्वयंपाकघरात टाच आपटायची. माडी सगळी लाकडी फळ्यांची, खिडकीशी बसलेल्या तुझ्या तळव्यांना ते कळायचं आणि तू वळून बघायचीस. आईनंतर मी. जेवायला ये, चहा झाला, कुणी आलं आहे, सगळ्याला तेच दोन ठोके. कोणता कशाचा ते तुला कसं कळायचं, हे मी कधी विचारलं नाही. हसत वळलीस की समजायचं, चहाचा.

शोधायला निघाले होते चोर. घ्या.

तशीच खाली गेले. लंकाबाईंनी दार उघडलं. सोमनाथ, म्हणजे त्यांचा मुलगा, नुकताच उठून बसला होता, डोळे लाल. मी म्हटलं, “आवाज माझाच आहे. पायाचा आहे. मला माहीत नव्हतं.”

“पायाचा?” लंकाबाई म्हणाल्या. “कुनाला लाथा घालता काय?”

“बोलावते. बहिणीला. तिला ऐकू येत नाही.”

“आं? मंग मी वर आले तवा कुठं व्हती ती?”

“ती इथे नाही. नामपूरला असते.”

लंकाबाईंनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “तितक्या लांब जातो व्हय पायाचा आवाज?” चेष्टा करायला निघाल्या होत्या, पण वाक्य संपेपर्यंत चेष्टा राहिली नाही. सोमनाथ म्हणाला, “मला वाटायचं कुणी भिंत फोडतंय. चहाचं असंल असं वाटलंच नाय.” त्यांनी मला चहा दिला. मी घेतला.

सोसायटीला खुलासा दिला आहे: ‘आवाज मी करते. अनवधानाने होत होता. यापुढे होणार नाही.’ खंडेराव म्हणाले, इतक्या स्वच्छ अक्षरातला खुलासा सोसायटीला पहिल्यांदाच आला.

पण लेखी देणं सोपं आहे, पायाला कोण सांगणार? तेव्हा पेटीतल्या दोन्ही घोंगड्या पाठव. ओट्यापुढे अंथरते. त्यावर आपटला तर खाली जाणार नाही. एवढंच काम आहे.

वत्सला

नाशिक रोड, १६ फेब्रुवारी

आक्का,

घोंगड्या आल्या नाहीत. सध्या मी चहा गाळताना स्टुलावर बसून पाय वर घेते. संजना म्हणाली, “मावशी, हे काय आसन?” मी म्हटलं, गुडघे दुखतात. तिला यातलं काही सांगितलेलं नाही. ती लगेच मोबाइल काढून तुला दाखवेल, आणि तू तो पालथा घालशील.

आता नीट वाच. तू इथे आली असतीस तर मी तुला कशी बोलावली असती, याचा मी विचार करत होते. येत नाहीस ते सोड. पण प्रश्न डोक्यात आला की मला तो सोडवावा लागतो, तुला माहीत आहे.

गेल्या रविवारी आरोहीला हॉलमध्ये खिडकीशी अनवाणी उभी केली. कानात बोटं, डोळे बंद. म्हटलं, पायाला काही कळलं की हात वर कर. लंकाबाईंची परवानगी आधीच काढली होती, सोमनाथला सुट्टी होती. मी स्वयंपाकघरात टाच आपटली. हात वर नाही. जोरात आपटली. नाही. दोन्ही पायांनी उडी मारली, या वयात. आरोही डोळे मिटून तशीच उभी. आणि खालून लंकाबाईंची आरोळी, “बाई, पंखा पडल ना आमचा!”

असं आहे हे घर, आक्का. आवाज खाली जातो, बाजूला जात नाही. ज्यांना मी ओळखत नव्हते त्यांच्या उशाशी माझी टाच पोहोचते, आणि त्याच घरात खिडकीशी बसलेल्या माणसाला काही कळत नाही. सिमेंटचं असंच असतं असं सोमनाथ म्हणाला. मला राग आला. मी त्या जमिनीवर रागावले होते. हसू नकोस.

मग लंकाबाई वर आल्या, “काय चाल्लंय तरी काय” म्हणत. मी सांगितलं. त्यांनी ओट्याला टेकून विचार केला. “तुमच्याकडं लाकडावर कळायचं ना? मंग लाकूड आना की इथं.”

“लाकूड आपटलं तर तुमच्याकडे आणखी जोरात येईल.”

“त्याच्याखाली गोधडी घाला.”

मी म्हटलं, असं कुठे असतं का. पण करून पाहायला काय हरकत होती? त्यांच्या माळ्यावर सोमनाथच्या जुन्या पलंगाची लांब फळी होती. दोघींनी जिन्यातून वर आणली. खाली माझ्या दुलया घातल्या. एक टोक ओट्याशी, दुसरं हॉलच्या दाराशी. आरोहीला त्या टोकावर उभी केली. लंकाबाई खाली गेल्या. मी टाच आपटली. हलकीच.

आरोहीने हात वर केला.

खालून काही नाही. मी गॅलरीतून विचारलं, “आला का?” लंकाबाई म्हणाल्या, “कधी वाजवनार तुमी?”

मी परत वाजवलं. पुन्हा पुन्हा. आरोहीला खेळच झाला. प्रत्येक वेळी वळून बघायची आणि हसायची. डोळे उघडले होते तिने, मी ते चालू दिलं.

त्यांची फळी मी परत केली. ती दारापर्यंतच पुरते, खिडकीपर्यंत नाही. आपल्या माडीवर स्वयंपाकघरापासून खिडकीपर्यंत गेलेली जी फळी आहे, खिडकीकडच्या टोकाला जिच्यावर तू पाय ठेवून बसतेस, ती पुरेल. बहिरूशेठकडे हातोडी, पहार सगळं आहे. ती काढली तर तिथे फट पडेल आणि वरून त्याचं दुकान दिसेल. तू तिथे बसू शकणार नाहीस. हे मला समजतं. म्हणून पाठवच असं म्हणत नाही.

खंडेरावांशी मी बोलून ठेवलं आहे. चारनंतर आणि सकाळी सातनंतर, फळीवर, हलक्या टाचेने, घरात ऐकू न येणारी व्यक्ती असल्यास. कमिटीने मान्य केलं. एक जण म्हणाला, “व्यक्ती आली तर ना!” मी म्हटलं, नियम आधी करायचा असतो, माणूस मागून येतो.

निघायच्या दिवशी तू म्हणालीस, “तठे मन्हं काय शे?” त्याचं उत्तर आता देते. वर्गात मुलांनी असं काही विचारलं तर उद्या सांगते म्हणायचे, आणि उद्या सांगायचे. इथे तुझं काही नाही. खिडकीतून रस्ता दिसतो, शाळेच्या रिक्षा दिसतात, ओळखीचं माणूस दिसत नाही. तुला विचारायला कुणी जिन्याखाली थांबणार नाही. मी आहे, आणि संजना आहे, आणि एक मुलगी आहे जिला तुझ्यासारखं वळून बघता येतं.

माझा घसा आता दुखत नाही. त्याचाच त्रास आहे.

चहाची वेळ मी चारवर नेली आहे. तुला चालेल?

वत्सला

नाशिक रोड, २ मार्च

आक्का,

ही फक्त पोहोच आहे.

भिकन आज सकाळी आला. फळी टेम्पोच्या टपावर बांधून, पुढे लाल फडकं लावून. लिफ्टमध्ये मावली नाही. सोमनाथ रात्रपाळीवरून येऊन झोपायला चालला होता, तोच खांदा द्यायला आला. खंडेराव जिन्यात उभे राहून “भिंत सांभाळा, रंग नवा आहे” म्हणत राहिले. लंकाबाई वरून ओरडत होत्या, “वाजवू नगा, वाजवू नगा, शिस्तीत घ्या,” आणि सगळ्या इमारतीत त्यांचाच आवाज होता.

फळी खिडकीपर्यंत पोहोचते. चार बोटं उरते. तुझ्या पायांनी गुळगुळीत झालेली जागा खिडकीशी येईल अशी मी ती फिरवून लावली.

भिकनला मी विचारलं, “काही बोलली?”

“फळीचं काय नाय बोलल्या. बहिरूशेठनं काढली, त्या बाजूला उभ्या व्हत्या. मंग म्हने, आता बसू कुठं?”

“आणि?”

“आनि हा कप दिला. म्हने, पुढं मांडीवर धरून ने. म्हटलं, गोणीत ठेवतो ना नीट. तर म्हने, नको. त्याले कान नही, हाक मारशी त येवाव नही. धरीसनच ने.”

टेम्पो शनिवारी नामपूरहून परत येणार आहे. पुढची सीट भाजीने भरू नको असं मी त्याला सांगितलं आहे. त्यानेच आधी विचारलं होतं.

भिकन याच्याकडून मिळालं ते असं:

घोंगड्या, दोन.
माडीची फळी, एक. खिळे काढलेली.
बिनकानाचा कप, एक. फुटलेला नाही. धुऊन ओट्यावर पालथा ठेवला आहे.

वत्सला